लाखोरीचं निळं फूल

मागच्या सप्टेंबरमध्ये एका रात्री साडेअकराला मी फोनवर बियांचं एक पाकीट मागवलं. 'भूमध्यसागरी रानफूल. कमी पाण्यात वाढतं. नवख्यांसाठी उत्तम.' फोटोत दगडी भिंत, खाली धुक्यासारखी बारीक पानं आणि त्यात निळी फुलं. निगेला. आपल्या कलौंजीची चुलत बहीण.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. कंपनी पुण्यात, मी गोंदियाजवळच्या नागऱ्यात, आईबाबांकडे. महाशिवरात्रीला इथल्या जुन्या महादेवाच्या देवळात जत्रा भरते, एरवी गाव शांत असतं. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग काढून झाल्यावर मला काहीतरी निळं बघायचं होतं, जे स्क्रीन नसेल.

फाटकाजवळ वाफा केला, बिया टाकल्या. आठ-दहा दिवसांत हिरवे धागे वर आले. मग परतीच्या पावसाने चार दिवस झोडपलं आणि सगळी रोपं बुडातून कुजली.

चूक कुठे झाली हे शोधायची मला सवय आहे. भूमध्य समुद्राभोवती पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. तिथलं रानफूल थंडीत उगवतं, वसंतात फुलतं, ऊन तापायच्या आत बी टाकून मरून जातं. 'कमी पाण्यात वाढतं' याचा अर्थ ते दुष्काळाशी लढतं असा नाही. दुष्काळ येण्याआधी ते आपलं काम उरकतं. आमच्याकडे पाऊस बाराशे-तेराशे मिलिमीटर, तोही जवळजवळ सगळा पावसाळ्यात. मी ते बी भर पाण्यात टाकलं होतं.

आजी पायरीवर बसून वाफ्याकडे बघत होती. "काहून वो, फुलंच पायजेत ना तुले? मंग लाखोरी टाक. तिले पानी लागत नाही."

मला हसू आलं. लाखोरी म्हणजे बाबांच्या बांधीतलं पीक. ती कोण बागेत लावतं?

तुम्ही पुण्या-मुंबईचे असाल तर लाखोरी कदाचित माहीत नसेल. लाख, लाखोळी, हिंदीत खेसारी किंवा तिवरा. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीत ती उतेरा पद्धतीने घेतात. धान कापायच्या दहा-पंधरा दिवस आधी उभ्या पिकातच, ओल्या चिखलात बी फेकायचं. नांगरट नाही, खत नाही, पाणी नाही. धान कापला की खाली लाखोरी उगवलेली असते. जमिनीत उरलेली ओल आणि पहाटेचं दव, एवढ्यावर ती फेब्रुवारी-मार्चपर्यंत निघते. आता बांधीत हार्वेस्टर फिरतो, त्याच्या चाकांखाली उतेरा चिरडतो, म्हणून बाबाही दरवर्षी कमी कमी बी फेकतात.

त्या रात्री मी लाखोरीबद्दल वाचायला बसले आणि झोप उडाली. हे झुडूप मूळचं भूमध्य समुद्राच्याच बाजूचं. सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी बाल्कन भागात त्याची शेती सुरू झाली असावी, असं संशोधक मानतात. स्पेनमध्ये आजही त्याच्या पिठाची पेज करतात. म्हणजे कमी पाण्यात वाढणारं भूमध्यसागरी निळं फूल मी पैसे देऊन मागवलं, आणि त्याच भागातलं दुसरं एक फूल घरामागे पोत्यात पडलेलं होतं.

पण पुढे वाचलं ते वेगळंच होतं. लाखोरीच्या दाण्यात ओडॅप नावाचं विष असतं. अधूनमधून खाल्लं तर काही होत नाही. पण दोन-तीन महिने सलग तेच मुख्य अन्न झालं, तर पाय कायमचे आखडतात. माणूस चवड्यांवर, गुडघे एकमेकांवर घासत चालतो. या रोगाला लॅथिरिझम म्हणतात. नेपोलियनच्या सैन्याशी लढाई चालू असताना माद्रिदमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा लोक यावरच जगले. गोयाने त्याचं चित्र काढलंय. आपल्याकडे 1961 मध्ये या डाळीच्या विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्राने ती 2008 मध्ये उठवली. रतन, प्रतीक, महातिवडा अशी कमी विषाची वाणंही आता आहेत.

चवड्यांवर चालणारा माणूस मी पाहिला होता.

लहानपणी आमच्या बांधीवर एक काका यायचे. दोन्ही हातांत काठ्या, टाचा कधी जमिनीला टेकत नसत. आम्ही पोरं त्यांच्या चालीची नक्कल करायचो. पोलिओ झाला असेल, असं मी धरून चालले होते. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली.

सकाळी आजीला विचारलं. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "त्या साली पानी आला नाही. धान गेला. लाखोरी तेवढी झाली. मजुरी लाखोरीतच देत होते सगळे."

"आपण पण?"

"आपन पन."

"आणि आपण काय खात होतो?"

"आपल्या कोठीत मागच्या सालचा धान होता."

एवढंच. ती नजर चुकवत नव्हती आणि माफीही मागत नव्हती. काकांच्या पायांचं कारण कुठल्या डॉक्टरने कागदावर लिहिलं नव्हतं, त्यामुळे मी खात्रीने काही म्हणू शकत नाही. पण रेवा-सतना भागातही शेतमजुरांना मजुरी म्हणून हेच धान्य मिळायचं, आणि तिथेही पाय त्यांचेच गेले. दोष दाण्यात होता, हे खरं. पण ज्याच्या घरी दुसरं काही होतं, त्याच्यापर्यंत तो पोचला नाही. बंदी दाण्यावर आली. मजुरी कशात दिली जायची, हे मात्र आमच्या घरातही कधी कोणी बोललं नव्हतं.

ऑक्टोबरच्या शेवटी मी फाटकाजवळच्या रिकाम्या वाफ्यात मूठभर लाखोरी टाकली. का, ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं. पाणी एकदाही घातलं नाही. डिसेंबर संपता संपता वेल एकमेकांत गुंतले आणि फुलं आली. वाटाण्याच्या फुलासारखी, पण लहान आणि खरोखर निळी. सकाळच्या स्टँडअप मीटिंगला मी लॅपटॉप घेऊन पायरीवरच बसायचे.

जानेवारीत एकदा त्या काकांची बायको फाटकाशी थांबली. तिला लाखोरी दिसली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. वाटलं, हिच्यासमोर मी हे शोभेला लावून बसलेय.

"भाजीसाठी लावली का बाई?"

"नाही काकू. फुलांसाठी."

ती वाकली, एक शेंडा नखाने खुडून पाहिला. "निबर झाली. फूल याच्या आधी खुडा लागते. शेंडे खुडले का फुटवा बी जास्त येते." मग जरा थांबून म्हणाली, "यांले लय आवडे भाजी."

मी काकांच्या पायांबद्दल विचारायचं ठरवलं होतं. वाक्यही मनात तयार होतं. ते बाहेर आलं नाही. मी विचारलं, "काकू, पुढच्या साली लवकर खुडायला याल?"

"येईन ना," ती म्हणाली आणि तोडलेला शेंडा पदराच्या टोकात बांधून गेली.

शेंगा वाळल्यावर मी बी काढून ठेवलंय. निगेलाच्या रिकाम्या पाकिटातच. या ऑक्टोबरमध्ये तेच टाकीन. काकू आल्या की चहा करीन, आणि माझं ते वाक्य या वेळी तरी बोलता येतं का, बघेन.