पापणीचा काठ

परभणीच्या शिवारात बैलाची पापणी फाटते ती बहुधा काटेरी तारेने, पऱ्हाटीच्या खुंटाने, नाहीतर जोडीतल्या बैलाच्या शिंगाने. लोंबणारा तुकडा पाहून मालक म्हणतो, ‘डॉक्टरसाहेब, तेवढं कापून टाका, मोकळा होईल.’ मी कापत नाही. पापणीला रक्तपुरवठा भरपूर असतो. काळपट, मेल्यासारखा दिसणारा तुकडाही पुष्कळदा जगतो. तो कापला तर डोळा पुरता मिटत नाही, बुबुळ कोरडं पडतं, त्यावर व्रण होतो आणि शेवटी फूल पडतं.

बैल खोड्यात घ्यायचा, वेसण आवळून धरायची. कानाकडून पापणीकडे येणाऱ्या चेतातंतूजवळ लिग्नोकेन दिलं की मिटमिट थांबते. पण थांबलेली पापणी बधिर झालेली नसते. जखमेच्या कडेला वेगळं इंजेक्शन द्यावंच लागतं; हे विसरणारा जनावराला नाहक छळतो. मग सलाइनने धुणं, आणि पहिला टाका काठावर. काठाला काठ नीट भिडला की मागचं सगळं जुळत जातं. तिथे केसभर पायरी राहिली तर ती जन्मभर बुबुळाला घासते. आतला थर विरघळणाऱ्या बारीक दोऱ्याने शिवतो, गाठ बुबुळाकडे येऊ देत नाही.

शिवण्याआधी फ्लुरेसीनचा थेंब टाकतो. हिरवा डाग उठला म्हणजे व्रण आहे. मग स्टिरॉइडचं मलम वर्ज्य. तिसरी पापणीही उचलून बघतो. कुसळ तिच्याचमागे दडतं. कधी पांढऱ्या दोऱ्यासारखे जंत वळवळतात, माश्यांनी आणून सोडलेले.

त्याच तिसऱ्या पापणीवर गुलाबी, खरबरीत गाठ दिसली तर मात्र कापायला मी कचरत नाही. तो कर्करोग असू शकतो. त्याचा उन्हाशी संबंध आहे. पापणी बिनरंगाची असली की धोका वाढतो. म्हणून काळ्या कडांच्या डोळ्याच्या लाल कंधारीपेक्षा पांढऱ्या तोंडाची संकरित गाय मी अधिक बारकाईने तपासतो. गाठ लहान असताना काढली तर डोळा वाचतो. खोल उतरली तर डोळाच काढावा लागतो. अशा वेळी परभणीत १९७२ साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय हाताशी आहे.

पशुपालकांना एवढंच मागणं आहे: जखमी डोळ्यात मीठ फुंकू नका, तंबाखूचा रस पिळू नका. स्वच्छ ओला फडका धरा, जनावर सावलीत बांधा आणि त्याच दिवशी डॉक्टरला बोलवा.