काकूंच्या मशीनची मोटर

वलवणला जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगत माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. आतल्या खोलीत टेबलावर एक सागवानी फळी बसवली आहे. तिच्यावर नंबर घातलेल्या वायरी, चार जुने इंजेक्टर, एक दातेरी चाक आणि ते फिरवायला शिलाई मशीनची मोटर, पायाच्या पॅडलसकट. गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, गाडीतून काढून या फळीला जोडला की तो आपण इंजिनावरच आहोत असं समजून कामाला लागतो. मग त्याला काय काय करता येतं आणि काय येत नाही, ते इंजिनाशिवाय कळतं.

बारा-तेरा वर्षं माझं घर या फळीवर चाललंय. जे काका माझ्या पाठीशी उभे राहिले म्हणून ती झाली, ते आता नाहीत. त्यांचं देणं माझ्याच्याने फिटायचं नाही. पण देणं नेमकं कशाचं होतं, ते एकदा नीट लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं.

मी कार्बोरेटरच्या काळात शिकलो. इंजिनाच्या आवाजावरून आणि सायलेन्सरच्या वासावरून दोष ओळखायचो. मग इंजेक्शनच्या गाड्या आल्या, २०१० मध्ये प्रदूषणाचे बीएस-३ नियम देशभर लागू झाले आणि दारात येणाऱ्या बहुतेक गाड्यांत कॉम्प्युटर दिसू लागला. मी स्कॅनर घेतला. त्यात जो कोड येईल, तो सेन्सर बदलायचा. तेवढ्याने भागलं नाही तर आमच्या धंद्यात एक वाक्य ठरलेलं होतं, ‘ईसीएम गेला.’ एकदा ते म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नसे.

२०१२ च्या जुलैत वेहेरगावचा एक गाडीवाला आला. एकवीरेला येणारे भाविक आणि कार्ला-भाजे लेणी बघायला येणारे पर्यटक यांच्यावर त्याचं पोट. गाडी तापली की खंडाळ्याच्या चढात बंद पडायची आणि अर्ध्या तासाने आपोआप चालू व्हायची. स्कॅनरवर कोड पी०३३५, म्हणजे क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष. मी सेन्सर बदलला. चार दिवसांनी पुन्हा तेच. तेव्हा मी ते वाक्य बोललो. हंगामात साठवलेले पैसे मोडून त्याने नवा ईसीएम घेतला, मी तो बसवला आणि चावी कोड करून दिली.

आठव्या दिवशी तो पावसात भिजत दुकानात आला. ‘‘मेस्त्री, परत बंद पडली. गाडीत लहान पोरं व्हती.’’

त्या दिवशी मी पहिल्यांदा सेन्सरपासून ईसीएमपर्यंतची वायर हाताने चाचपत गेलो. एक्झॉस्टजवळ ती क्लिपमधून सुटून टेकली होती. वरचं आवरण कडक होऊन तडकलं होतं आणि आतली तार तुटत आली होती. तापलं की टोकं सुटायची, निवलं की पुन्हा टेकायची. वीतभर वायर बदलली आणि गाडी बरी झाली. जुना ईसीएम माझ्या कपाटात पडून होता.

हे चाललं होतं तेव्हा काका बाकावर बसले होते. स्कूटरची बॅटरी चार्ज होण्याची वाट बघत होते. वलवण धरणाच्या बाजूला त्यांचं घर. खोपोलीच्या वीजघरात टेस्टिंगचं काम करून निवृत्त झालेले. गाडीवाला गेल्यावर ते उठून जवळ आले.

‘‘जुना कॉम्प्युटर कुठंय?’’

‘‘आहे कपाटात.’’

‘‘त्याला काय काय विचारलंस?’’

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हणालो, नवा बसवून बघितला.

‘‘ती अदलाबदल झाली. तपासलंस कधी?’’

आमच्या गावाला धरणाचं कौतुक असतं, पण ते पाणी पुढे काय करतं हे मला त्या संध्याकाळी काकांनी सांगितलं. लोणावळा, वलवण आणि शिरवता या तलावांचं पाणी सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीला जातं. टाटांनी उभारलेल्या त्या वीजघरातून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज गेली. अशा ठिकाणी लाइनवर बिघाड झाला तर क्षणात ब्रेकर उडवायला रिले असतात. पण रिले वर्षानुवर्षं नुसता बसून राहतो. ऐन वेळी तो चालेल का, हे बघायला कोणी लाइनवर खरा बिघाड करत नाही. रिले वेगळा करायचा, टेस्ट सेटमधून त्याला मोजून करंट द्यायचा आणि स्टॉपवॉच धरून बसायचं. जुन्या चकतीच्या रिलेला सेटिंगच्या दुप्पट करंट दिला तर दहा सेकंदांत उडाला पाहिजे, दहापट दिला तर तीन सेकंदांत.

‘‘बिघाड खोटा, पण मोजलेला,’’ काका म्हणाले. ‘‘रिले मात्र खरा उडतो. तुझ्या कॉम्प्युटरला असं टेबल कर.’’

गाडीच्या मोठ्या कंपन्यांत हेच काम हार्डवेअर-इन-द-लूप या नावाने चालतं. खोलीभर यंत्रणा खऱ्या ईसीएमला खोटं इंजिन दाखवते. ते मला पुढे समजलं. आमच्याकडे एक फळी होती, तीही काकांच्या जुन्या ड्रॉइंग बोर्डाची.

सबंध श्रावण आम्ही रात्री नऊनंतर बसायचो. पहिल्या रात्री मी उत्साहाने बॅटरीची वायर थेट पिनेला लावायला गेलो. काकांनी हात धरला. ‘‘आधी फ्यूज, मग अँमीटर, मग पिन.’’ प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नंबराचं फेरूल आलंच पाहिजे. वायरिंगचा नकाशा समोर असल्याशिवाय एकही पिन जोडायची नाही. वीजघरात ज्याने एका चुकीच्या टोकाची किंमत पाहिली आहे, त्याची ती शिस्त होती. मला ती तेव्हा जाचक वाटली. आज दुसऱ्या कुणाची नंबर नसलेली वायरिंग बघितली की हात पुढे होत नाही.

सगळ्यात अवघड होतं क्रँकचं चाक. बऱ्याच गाड्यांत त्यावर साठ दात्यांची जागा असते आणि त्यातले लागोपाठचे दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात. जपमाळेत बोटाला मेरुमणी लागला की एक फेरा पुरा झाल्याचं डोळे मिटूनही कळतं, तसं ती मोकळी जागा सेन्सरसमोरून गेली की क्रँक कुठे आहे हे ईसीएमला कळतं. चाक मी पुण्याच्या जुन्या बाजारातून शोधून आणलं. भंगारातल्या अल्टरनेटरच्या शाफ्टवर ते बसवायला लेथवाल्याकडून बुश करून घेतला. फिरवायला मोटर मात्र हवी तशी मिळेना. पायाने वेग कमीजास्त करता येईल अशी हवी होती.

काकांच्या घरी हेच बोलत बसलो असताना काकू चहा घेऊन आल्या होत्या. आमचं बोलणं ऐकून आत गेल्या आणि थोड्या वेळाने मोटर, पट्टा आणि पॅडल घेऊन बाहेर आल्या. त्या घरी ब्लाउज शिवायच्या. मशीन मूळचं पायाचं. मुलाने पहिल्या पगारात त्याला मोटर बसवून दिली होती.

‘‘तुमच्या ऑर्डरी?’’ मी विचारलं.

‘‘पायाने शिवत होतेच की आधी. घेऊन जा.’’

चाक पहिल्यांदा फिरलं तेव्हा लचकत होतं. सेन्सर आणि दाते यांत मिलीमीटरभर अंतर ठेवायचं, आणि दर फेरीला दाते सेन्सरला घासायला यायचे. दोन रात्री पॅकिंग बदलण्यात गेल्या. मग ते सरळ झालं. मीटर फ्रिक्वेन्सीवर लावून काका म्हणाले, ‘‘आकडा बघ.’’ साठ दाते असते तर मिनिटाला सहाशे फेरे म्हणजे बरोबर सहाशे हर्ट्झ. दोन गाळलेले, म्हणून मीटर पाचशे ऐंशीच्या आसपास. माझं गणित कच्चं, पण तो हिशोब मी त्या रात्री कागदावर तीनदा मांडला आणि तिन्ही वेळा जमला.

पाण्याच्या तापमानाचा सेन्सर म्हणजे तापेल तसा कमी होणारा रेझिस्टन्स. त्याच्या जागी एक गोल बटण बसवलं. अडीच हजार ओहमला स्कॅनर वीस अंश दाखवी, तीनशेच्या आसपास ऐंशी. काका मला ते सावकाश फिरवायला लावत होते. नव्वद ओलांडले आणि थोड्या वेळात फळीवरचा फॅनचा रिले टक् करून लागला. टेबलावर ना इंजिन, ना पाणी, ना आग. मी बटण मागे घेतलं, रिले सुटला. पुन्हा पुढे नेलं, पुन्हा लागला. काका काही बोलले नाहीत. चार वेळा करून माझी हौस फिटेपर्यंत थांबले.

इंजेक्टर मात्र मुके राहिले. चावीतली चिप ओळखल्याशिवाय ईसीएम पेट्रोल सोडत नाही. वेहेरगावला निरोप धाडला. गाडी एक दिवस उभी ठेवून तो चावी आणि इमोबिलायझरची डबी घेऊन आला. त्याचा जुना ईसीएम, मी गेला म्हणून सांगितलेला, फळीला जोडला. मी पॅडल दाबलं. चाकाने वेग धरला आणि चार कोरडे इंजेक्टर टकटक करायला लागले. एक, तीन, चार, दोन. एक, तीन, चार, दोन. काकांनी तो तीन तास चालू ठेवायला लावला. मधे हेअर ड्रायरने तापवला, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हळू ठोकला. एकदाही चुकला नाही.

मग काकांनी क्रँकच्या वायरीतला स्विच बंद केला. प्रत्येक वायरीत असा एक स्विच त्यांनी आग्रहाने बसवून घेतला होता. टकटक जागच्या जागी थांबली. स्कॅनरवर कोड आला, पी०३३५.

खंडाळ्याच्या चढात जे घडत होतं, ते माझ्या टेबलावर घडलं होतं.

‘‘तो खरं सांगत होता,’’ काका म्हणाले. ‘‘वायर तुटतेय म्हणून ओरडत होता. तू त्यालाच काढून टाकलंस.’’

गाडीवाला स्टुलावर बसून सगळं बघत होता. काकांनी एक रजिस्टर उघडलं, वीजघरातल्यासारखे रकाने पाडलेलं. काय दिलं, काय यायला हवं, काय आलं. शेवटी दोन सह्या, तपासणाऱ्याची आणि साक्षीदाराची. साक्षीदाराच्या जागी त्यांनी गाडीवाल्याला सही करायला सांगितलं. ‘‘ज्याचा पैसा जाणार त्याने डोळ्यांनी बघितलं पाहिजे,’’ म्हणाले.

जुना ईसीएम मी त्याच्या गाडीत परत बसवला. नव्याचे पैसे त्याला तीन हप्त्यांत फेडले. तो नको म्हणत होता. काकांनी मला एका शब्दानेही फेड असं सांगितलं नव्हतं. त्यांच्यासमोर ते रजिस्टर भरल्यावर दुसरं काही करणं मला शक्य नव्हतं. तो नवा ईसीएम मी विकला नाही. फळीवर काही बदल केला की पहिली चाचणी आजही त्याच्यावर घेतो.

त्यानंतर जेवढे ईसीएम ‘गेला’ म्हणून माझ्याकडे आले, त्यांतले कितीतरी धडधाकट निघाले. लोणावळ्याच्या पावसात कनेक्टरमध्ये पाणी शिरून पिना हिरव्या पडतात. एका सेन्सरची वायर उघडी होऊन पाच व्होल्टची लाइन खाली बसते आणि तिच्यावरचे सगळे सेन्सर एकदम चुकीचं सांगू लागतात. त्या प्रत्येक वेळी एखाद्या घरातले पैसे वाचले. गाडीचे कागद बघितल्याशिवाय ईसीएम टेबलावर घ्यायचा नाही, हा नियमही काकांचाच. चोरीच्या गाडीला आपल्या हातून वाट मिळू नये म्हणून.

पुढे पुण्याच्या तपकीर गल्लीतून मी आर्डुइनोचा छोटा बोर्ड आणला. चाकाचा सिग्नल तो वाटेल त्या वेगाने तयार करतो, कॅमचाही. २०२० मध्ये बीएस-६ आल्यावर तर ईसीएमला गाडीतल्या इतर कॉम्प्युटरांचे निरोपही लागायला लागले. ते कॅन नावाच्या दोन वायरींच्या जाळ्यावरून द्यायला शिकलो. काकांनी आर्डुइनो पाहिला होता. हातात घेऊन उलटसुलट केला आणि विचारलं, ‘‘याचा आकडा मीटरवर ताडून बघितलास ना?’’ बघितला होता. ते हसले. बीएस-६ मात्र त्यांनी पाहिलं नाही. २०१९ च्या मार्गशीर्षात ते गेले.

तेराव्यानंतर मी मोटर पुसून, नवे कार्बन ब्रश घालून काकूंकडे घेऊन गेलो. म्हटलं, आता बोर्ड आहे, तुमची वस्तू तुमच्याकडे असू दे. काकू मशीनवरच बसल्या होत्या. सात वर्षं त्यांनी पायानेच शिवलं होतं. इतक्या दिवसांत मी ती एकदाही परत करायला आलो नव्हतो, हे तिथे उंबऱ्यात उभं राहिल्यावर माझ्या लक्षात आलं.

त्यांनी मोटर हातात घेतली, वजन केल्यासारखी धरली आणि परत माझ्याकडे दिली. ‘‘चालू आहे ना?’’

‘‘हो.’’

‘‘मग असू दे तिकडंच. ते नऊ वाजले की तिचा आवाज ऐकायलाच यायचे तुझ्याकडे.’’

मोटर फळीवर परत बसवली आहे. बोर्डाचा सिग्नल कितीही साफ असला, तरी खरा सेन्सर खऱ्या दात्यांसमोर काय बोलतो हे चाकावरच कळतं, म्हणून शेवटची चाचणी मी तिच्यावरच घेतो. वाहनमालकाला स्टुलावर बसवतो, रजिस्टर उघडतो आणि पॅडलवर पाय ठेवतो.