बेल्लमपल्लीचं परस आणि रात्रीच्या गोगलगायी

बल्लारशाहून काझीपेठकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की सिरपूर कागजनगर, आसिफाबाद रोड मागे टाकत बेल्लमपल्ली येतं. हे सिंगरेणी कोळसा खाणींचं गाव. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होतं, 2016 पासून मंचिर्याल जिल्ह्यात आहे. 1956 पर्यंत राजुरा आणि किनवटही आदिलाबादमध्येच होते. म्हणूनच आमच्यासारख्या राजुऱ्याकडच्या घरांचे सोयरे आजही या बाजूला सापडतात. माझे मामा खाणीत नोकरीला लागले आणि इथलेच झाले.

मी जुलैत गेले तेव्हा मामी हिरमुसली होती. परसात लावलेली वांगी, मिरची आणि अंबाडी (इथला गोंगुरा) दोनदा उगवली आणि दोनदा बुडापासून खाल्ली गेली. "आता तिसऱ्यांदा लावते. हेही गेलं तर परस बंद!" ती म्हणाली.

दिवसा चोर दिसेना. रात्री टॉर्च घेऊन गेलो, तर वाफ्यात शंखवाल्या मोठ्या आणि बिनशंखाच्या काळ्या, दोन्ही गोगलगायी! शेजारच्या अक्का म्हणाल्या, "नत्त!" तेलुगूत गोगलगायीला नत्त म्हणतात. गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात खरं, पण हिच्या पोटात आमची अख्खी भाजी होती.

यातली मोठी शंखवाली मूळची पूर्व आफ्रिकेची. 1847 मध्ये बेन्सन नावाच्या इंग्रजाने ती मॉरिशसहून कोलकात्याला आणली. 2022 च्या पावसाळ्यात लातूर, बीडकडे सोयाबीनची कोवळी रोपं गोगलगायींनीच फस्त केली होती.

दुकानात मेटाल्डिहाइडच्या गोळ्या मिळतात. पण त्या कुत्र्यांना आणि लहान मुलांना घातक, आणि मामीच्या परसात दोघांचाही दिवसभर वावर. मग साधा मार्ग धरला. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं वाफ्यांमध्ये पसरायची. सकाळी त्यांच्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून उचलायच्या, मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या आणि मेल्यावर खड्ड्यात पुरायच्या. मीठ मातीत मात्र टाकायचं नाही, जमीन खराब होते. वाफ्याभोवती चुन्याच्या भुकटीचा पट्टा ओढायचा आणि पावसाने धुतला की पुन्हा ओढायचा. विटा, पालापाचोळा हलवायचा, कारण साबुदाण्यासारखी अंडी तिथेच ओलाव्यात असतात.

हातमोजे हौसेचे नाहीत, बरं का! काही गोगलगायींच्या अंगात उंदरांकडून आलेले जंत असतात, त्यांनी माणसाच्या मेंदूला सूज येऊ शकते. म्हणून पालेभाजीही नीट धुऊन, शिजवूनच खायची.

चार दिवसांत मामीच्या वाफ्यातल्या कमी झाल्या, पण कुंपणापलीकडून नव्या येतच होत्या. तेव्हा अक्कांनी ओळीतली सगळी घरं गोळा केली. पोरांना टॉर्च दिले, मोठ्यांनी गोणपाटं दिली. निम्मे मराठी बोलणारे, निम्मे तेलुगू, पण सगळ्यांच्या बादल्या रोज सकाळी एकाच खड्ड्यावर रिकाम्या होऊ लागल्या.

एकट्याने राखलेली बाग गोगलगायींना पुरते. सगळ्या ओळीने राखली तर आपल्याला उरते. श्रावणात मामीचा फोन आला. तिसऱ्या वेळची अंबाडी टिकली होती, आणि पहिली जुडी अक्कांच्या घरी गेली होती.