छेदातली माणसं

मुलुंडला सूर्य मावळतो डोंगराच्या बाजूला, पण उजेड रेंगाळतो तो पूर्वेकडे, मिठागरांवर. खाडीच्या पाण्याच्या त्या उथळ चौकटींत तो आधी पिवळा, मग तांबूस, मग राखाडी होत जातो आणि ऐरोलीच्या पुलावरचे दिवे लागेपर्यंत त्याची धुगधुगी पाण्यावर टिकून राहते. त्याच सुमाराला मी खिडकी ओढून घेते, लॅपटॉप उघडते, आणि सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचा आमचा ऑनलाइन वर्ग भरू लागतो.

भरू लागतो म्हणजे पडद्यावर नावं उमटू लागतात. एटापल्लीकडचा एक वैद्यकीय अधिकारी, धारणीच्या बाजूची एक सिस्टर, मोखाड्याची डॉक्टर, भिवंडीतल्या एका संस्थेचे हिशेब सांभाळणारा मुलगा, मुंबईतल्याच एका आरोग्य केंद्रातली ताई. दिवसभराची ओपीडी, लसीकरणाचं सत्र, वरून मागवलेले अहवाल, हे सगळं उरकून ही माणसं शिकायला बसतात. कुणी क्वार्टरमध्ये, कुणी परतीच्या एसटीत, कुणी रेंज मिळावी म्हणून गच्चीवर. “आवाज येतोय का?” मी विचारते. थोडा वेळ काहीच नाही. मग कुठल्याशा तालुक्यातून रातकिड्यांच्या किर्रर्रमधून एक दमलेला आवाज वर येतो, “येतोय, मॅडम.”

चेहरे क्वचितच दिसतात. कॅमेरा लावला की आवाज तुटतो, म्हणून बहुतेक जण तो बंदच ठेवतात. उरतात काळे चौकोन आणि त्यांत पांढऱ्या अक्षरांतली नावं. वर्गात उभं राहून शिकवायची सवय असलेल्या मला या चौकोनांनी फार दिवस उदास केलं. समोरच्याच्या कपाळावरची आठी, मान हलवणं, वहीच्या कोपऱ्यात चाललेली रेघोटी, शिकवणारा माणूस याच्यावर तर जगतो. आणि इथे बोलायचं ते अंधाराशी. हळूहळू मात्र त्या अंधाराची ओळख पटत गेली, कारण आमचा सगळा विषयच न दिसणाऱ्या माणसांचा आहे.

शाळेत अपूर्णांक शिकताना रेघेच्या वरचा तो अंश आणि खालचा तो छेद असं आपण पाठ केलं. दवाखान्यातला डॉक्टर अंश पाहतो: खोकत आलेलं मूल, तापाने फणफणलेली बाई, समोर बसलेला, नाव-गाव असलेला माणूस. आम्ही शिकवतो तो छेद. जे आले नाहीत ते. ज्यांना यायला बस नव्हती, मजुरी बुडवणं परवडत नव्हतं, ज्यांना आपण आजारी आहोत हेही ठाऊक नव्हतं, आणि जे ठणठणीत राहिले म्हणून ज्यांची कुणाला आठवणही झाली नाही, ती सगळी माणसं रेघेखाली उभी असतात. त्यांना मोजल्याशिवाय वरच्या आकड्याला काही अर्थ नाही.

ठणठणीत राहिलेल्यांचंच घ्या. मुलुंडच्या या डोंगरापलीकडे विहार तलाव आहे. मुंबईला नळाने पहिलं पाणी मिळालं ते तिथून, 1860 मध्ये. आता शहराचं बरंचसं पाणी आमच्या शेजारी, भांडुप संकुलात, गाळून, क्लोरीन देऊन पुढे जातं. सकाळी नळाला पाणी येतं, बादलीत पडताना त्याचा आवाज आधी पोकळ आणि मग भरीव होत जातो, आणि त्या क्षणी पटकी न झालेली लाखो माणसं डबे घेऊन लोकलच्या रांगेत उभी असतात. कुणाचा तरी जीव वाचलाय, पण कुणाचा ते कधीच कळणार नाही. आमच्या कामाला पेढे नाहीत.

व्यवस्थापन हा शब्द ऐकायला कोरडा आहे, मला ठाऊक आहे. इंडेंट, साठा नोंदवही, शीतसाखळी, सूक्ष्म नियोजन. पण मी वर्गात पोलिओच्या लसीच्या कुपीचं छायाचित्र पडदाभर मोठं करून दाखवते. लेबलवर एक जांभळट वर्तुळ असतं आणि त्याच्या आत फिकट चौकोन. लसीला जसजशी उष्णता लागते तसतसा तो चौकोन गडद होत जातो, आणि वर्तुळाच्या रंगाला पोचला की ती कुपी बाद. नखाएवढ्या त्या खुणेत कुपीचा सगळा प्रवास साठलेला असतो: जिल्ह्याच्या भांडारातून निघालेली व्हॅन, वीज गेलेली दुपार, आयएलआरचं, म्हणजे लसीच्या फ्रीजचं, झाकण कुणी घाईत नीट लावलं नाही ती वेळ, आणि बर्फाच्या पॅकांनी भरलेला डबा खांद्याला अडकवून ओढा ओलांडणारी बाई. चौकोन फिकट राहिला तर त्या सगळ्या हातांनी आपलं काम चोख केलं.

मला हे प्रेमाचं मोजमाप वाटतं.

माझ्यासोबत शिकवणारे दोघे-तिघे आहेत. एक निवृत्त अधिकारी साथरोग शिकवतात. 2020 च्या पावसाळ्यात मुलुंडला रिचर्डसन अँड क्रुडास कंपनीच्या जागेवर सिडकोने जम्बो कोविड केंद्र उभारलं, त्याच्याबद्दल ते जेव्हा बोलतात तेव्हा खाटांचा आकडा सांगत नाहीत, ऑक्सिजनच्या नळीचा मार्ग कागदावर काढून दाखवतात. संख्याशास्त्राचे सर नागपूरहून शिकवतात. त्यांच्या आवाजात विलक्षण सबुरी आहे. गडचिरोलीचं काम शिकवावं तर त्यांनीच. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे न्यूमोनिया ओळखण्यासाठी एक साधं यंत्र केलं, एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांची ओळ. वाळू पडत असताना बाळाची छाती पाहायची, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. दहाच्या फार पुढे मोजता न येणाऱ्या सुईणीलाही त्यातून बाळाचा श्वास वाचता आला. पुढे त्यांच्या 39 गावांत गावातल्याच बायकांनी घरोघर जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, आणि त्या बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचं 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलं. सर हे सांगतात आणि मग गप्प बसतात. त्या शांततेत काळ्या चौकोनांतून कुणाचा तरी दीर्घ श्वास माइकवर ऐकू येतो.

पल्स पोलिओत घरांच्या दारांवर खडूने खुणा करतात. सगळ्या बाळांना डोस मिळाला तर पी. कुलूप असेल, मूल बाहेर गेलं असेल, आईबाप नको म्हणाले असतील तर एक्स. पी झालेलं घर त्या फेरीपुरतं संपलं. खरं काम एक्सच्या दारापासून सुरू होतं, कारण तिथे परत जायचं असतं, पुन्हा परत जायचं असतं, संध्याकाळी बाप कामावरून आल्यावर जायचं असतं. देशातला वन्य विषाणूच्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावड्याला सापडला, त्यामागे अशी परत जाणारी पावलं आहेत. या पावलांचे फोटो नाहीत.

गेल्या हिवाळ्यात एका रात्री हे शिकवून झालं आणि मोखाड्याच्या डॉक्टरने माइक सुरू केला. तिच्या पाड्यावरची निम्मी घरं दिवाळीनंतर बंद होतात. माणसं भिवंडी-कल्याणकडे वीटभट्टीवर जातात, पोरंबाळं सोबत. गावातली आशा सेविका दारावर एक्स करते आणि नोंदवहीत ‘स्थलांतरित’ लिहिते. भट्टीच्या भागातल्या नोंदवहीत ती मुलं नसतातच, कारण ती तिथली नव्हेत. “मग मॅडम, ही मुलं कुणाच्या छेदात धरायची? आमच्या की त्यांच्या?”

भिवंडीच्या संस्थेतला मुलगा, जो सहसा बोलत नाही, म्हणाला, “आमच्याकडच्या भट्ट्यांची नावं मला माहिती आहेत. मालकांचे नंबर मिळतील.” सिस्टरने विचारलं, लसीकरणाची कार्डं आया सोबत नेतात की घरीच ठेवतात? कुणी सांगितलं, मुकादमाला धरा, कुठलं कुटुंब कुठल्या भट्टीवर आहे ते त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं. तासाची वेळ टळून गेली होती आणि कुणीही बाहेर पडत नव्हतं.

मी म्हणाले, दोन्हीकडे धरा. पाड्याच्या यादीतही आणि भट्टीच्या यादीतही. नागपूरचे सर याला हरकत घेतील, एक मूल दोनदा मोजलं तर टक्केवारी बिघडते म्हणतील, आणि ते बरोबरच आहे. पण दोनदा मोजलेलं मूल नंतर एकदा वजा करता येतं. एकदाही न मोजलेल्याचं काय करणार? डॉक्टर, तुम्ही पाड्याची यादी उद्या भिवंडीच्या या मुलाला पाठवा, आणि यादीत आयांची नावंही लिहा.