धरमतर टाळून दासगावला : एक मोटारसायकल, एक दिवस आणि आपला समुद्र

डिसेंबर उजाडला की आपल्या तरुणांचे दोन गट पडतात. एक गट ६ डिसेंबर चैत्यभूमी, २५ डिसेंबर महाड, १ जानेवारी भीमा कोरेगाव अशा तारखा डायरीत लिहून ठेवतो. दुसरा गट 'थर्टीफर्स्ट'साठी अलिबाग, काशीद, मुरुडच्या खोल्यांचे भाव विचारत बसतो. पहिला दुसऱ्याला म्हणतो, "तुम्ही चळवळ बुडवली." दुसरा पहिल्याला म्हणतो, "तुम्हाला सभेच्या मंडपाबाहेर जगच माहीत नाही." आमचे म्हणणे असे की हे भांडणच बिनबुडाचे आहे. पूर्वीचा कुलाबा जिल्हा, म्हणजे आजचा रायगड, याचा किनारा आणि महाडचे रणमैदान एकाच इतिहासाची दोन टोके आहेत. आमचा एक जुना मित्र आणि आम्ही गेल्या २४ डिसेंबरला मोटारसायकलवरून ही दोन्ही टोके एका दिवसात जोडली, म्हणून हे लिहितो आहोत.

आधी मोटारसायकलबद्दल. आपल्या पोराने हप्त्यावर गाडी घेतली आणि मागे निळ्या अक्षरात 'जय भीम' लिहिले की काहींच्या पोटात दुखते. "आरक्षण घेता आणि गाड्या उडवता" हे वाक्य आपल्यापैकी कोणी ऐकले नाही? या पोटदुखीचे मूळ जुने आहे. १९०१ साली लहानगा भीमराव भावंडांसह वडिलांना भेटायला निघाला आणि मसूर स्टेशनवर उतरला. मुले महारांची आहेत हे कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, या अटीवर बैलगाडी मिळाली. पुढे १९२९ साली बाबासाहेब बॅरिस्टर झालेले, सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून खानदेशात फिरत होते. तेव्हा चाळीसगावच्या टांगेवाल्यांनी त्यांचा टांगा हाकायला नकार दिला. वस्तीतल्या माणसाने, सवय नसताना, लगाम हाती घेतला. पुलावर टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. विलायतेची पदवी टांगेवाल्याची जात ओलांडू शकली नाही.

म्हणून आपल्या पोराच्या हातातली गाडीची चावी ही साधी गोष्ट नाही. कोणाला विचारायचे नाही, कोणाची विनवणी करायची नाही, मनात आले की निघायचे. हे स्वातंत्र्य किती पिढ्यांनी मिळवून दिले आहे, ते किक मारताना आठवावे. प्रश्न एवढाच की ही गाडी घेऊन आपण जातो कुठे आणि तिथे पाहतो काय.

पहाटे पाचला पनवेल सोडले. कर्नाळ्याच्या झाडीत धुके इतके की पुढच्या ट्रकचा लाल दिवा तेवढा दिसत होता. मित्राने जाकिटाच्या आत छातीला कालचे वर्तमानपत्र लावले होते. "पेपरचा एवढा उपयोग पहिल्यांदाच झाला," तो म्हणाला. पेण मागे पडले, वडखळला चहा घेतला आणि उजाडता उजाडता धरमतरच्या पुलावर आलो. खाली अंबा नदीची खाडी, भरतीचे पाणी, एका कडेला पोलाद कारखान्याच्या चिमण्या. गाडी थांबवली ती इथे.

१९२७ साली मुंबईहून महाडला जायचा जवळचा रस्ता हाच होता. बोटीने धरमतर आणि तिथून मोटारबसने महाड. पण डिसेंबरातल्या सत्याग्रह परिषदेला निघताना बाबासाहेबांनी धरमतर टाळले. 'पद्मावती' बोटीने, लांबच्या सागरी मार्गाने, सुमारे दोनशे प्रतिनिधींना घेऊन ते दासगाव बंदराकडे गेले. कारण काय? धरमतरला बसवाल्यांनी बहिष्कार टाकला तर सगळे तिथेच अडकणार. दासगावहून महाड पाच मैल, तेवढे पायी जाता येते. मित्रांनो, याला संघटनकौशल्य म्हणतात. विरोधक आपली वाट कुठे अडवेल याचा अंदाज आधी घ्यायचा आणि ज्या वाटेवर त्याचा हात पोहोचत नाही ती धरायची, मग ती लांबची का असेना. आपण दहन केलेल्या ग्रंथावर खूप बोलतो. दहनापर्यंत माणसे पोहोचवली कशी, यावर कधी बोलणार?

धरमतर ओलांडून पोयनाडच्या बाजूला वळले की चरी गाव येते. नाक्यावर चहा पिणाऱ्या एका तरुणाला आम्ही विचारले, "इथे संप झाला होता ना?" तो म्हणाला, "कुठला? एसटीचा का?" दोष त्याचा नाही, त्याला कोणी सांगितलेच नसेल. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी याच चरीत सभा झाली आणि २५ गावांच्या कुळांनी खोत-सावकारांची जमीन कसायची नाही असे ठरवले. तो संप १९३९ पर्यंत, जवळजवळ सहा वर्षे चालला. शेते ओसाड राहिली. माणसांनी जंगलातल्या मोळ्या विकल्या, खाडीत मासे-चिंबोऱ्या पकडल्या, पण नांगर धरला नाही. नारायण नागू पाटील या लढ्याचे पुढारी, आणि त्यांच्या पाठीशी उभे राहिले ते बाबासाहेब. डिसेंबर १९३४ मध्ये शेतकरी परिषदेसाठी ते स्वतः चरीला आले. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ ला कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चाने गेले. त्यांत आगरी होते, कुणबी होते, महार होते.

'आंबेडकर फक्त महारांचे' असे म्हणणाऱ्यांना चरीला नेऊन उभे करावे. आणि 'ओबीसी आपल्याबरोबर येतच नाहीत' असे म्हणणाऱ्या आपल्या लोकांनाही तिथेच उभे करावे. चरीतली कुळे प्रामुख्याने आगरी होती. त्यांच्या पोटाच्या प्रश्नाला बाबासाहेबांनी आपला प्रश्न मानले. आज त्याच पट्ट्यात आगरी-कोळ्यांची पोरे विमानतळ, बंदर आणि बंगल्यांखाली गेलेल्या जमिनींसाठी झगडतात. जानेवारी १९८४ मध्ये उरण-पनवेलच्या पट्ट्यात पाच शेतकरी गोळीबारात गेले, तेही जमिनीसाठीच. त्यांच्या सभेला आपले किती जण जातात? आणि आपल्या सभेला ते का येत नाहीत, याचे उत्तर याच प्रश्नात नाही का?

अलिबागला ओहोटी होती. पर्यटक पायी आणि घोडागाडीने कुलाबा किल्ल्यात चालले होते. आम्ही फार रेंगाळलो नाही. पुढे चौल लागते. आज नारळी-पोफळीच्या वाड्यांत झोपलेले हे गाव एकेकाळचे चेमूल, पश्चिम किनाऱ्यावरचे नामांकित बंदर. कान्हेरीच्या लेण्यांत चेमूलच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. म्हणजे इथे जहाजांतून आलेल्या पैशाचा काही भाग बुद्धाच्या संघाकडे जात होता. रेवदंड्याचा पूल ओलांडून कोर्लई, काशीद करत मुरुडकडे निघालो. डावीकडे डोंगर, उजवीकडे समुद्र, डोक्यावर कोवळे ऊन. खरे सांगायचे तर पोटभर आनंद झाला. आंबेडकरी माणसाने समुद्र पाहून आनंदी होऊ नये असे कोणत्या ग्रंथात लिहिले आहे? आणि लिहिले असेल तर तो ग्रंथ कुठे न्यायचा, ते आपल्याला ठाऊक आहे.

दुपारी एका गावात 'घरगुती जेवण' अशी पाटी पाहून थांबलो. गावाचे नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका गावाचा नाही. मालकाने पाणी दिले, गाडीच्या मागचा मजकूर वाचला आणि हसत विचारले, "आडनाव काय म्हणालात?" आम्ही काही म्हणालोच नव्हतो. मित्राने विचारले, "काका, जेवायला वाढायचंय की सोयरीक जुळवायचीय?" काका गोरेमोरे झाले. मग सांगितले की जेवण संपले आहे. चुलीवरचा भात आम्हाला दिसत होता. आम्ही वाद घातला नाही. पुढच्या वळणावर एका कोळीणबाईंनी मांदेली तळून, तांदळाच्या भाकरीबरोबर वाढली. त्यांनी आडनाव विचारले नाही, फक्त तिखट चालेल का एवढे विचारले.

या प्रसंगात मारहाण नाही, शिवी नाही, बातमी होईल असे काहीच नाही. म्हणूनच तो लिहिला. पूर्वी पाणवठ्यावर पाटी नसायची, तरी सगळ्यांना नियम माहीत असायचा. आज किनाऱ्यावरच्या काही खोल्यांना आणि खानावळींना पाटी नसते, पण फोनवर 'पूर्ण नाव' विचारले जाते. १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे खुले झाले होते, महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला होता. तरी चवदार तळ्याचे पाणी प्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. कागदावर खुले आणि प्रत्यक्षात बंद, हा खेळ जुनाच आहे. त्यावर उपायही जुनाच : जायचे, वारंवार जायचे, उजळ माथ्याने जायचे.

मुरुडला खडकावर उभा जंजिरा लांबूनच पाहिला आणि राजपुरीच्या खाडीला वळसा घालून तळा तालुक्यात शिरलो. तिथे मांदाडजवळ कुडा गावाच्या डोंगरात २६ लेणी आहेत. पर्यटकांच्या गर्दीत या लेण्यांचे नाव फारसे निघत नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा वर चिटपाखरू नव्हते. लेण्यांच्या तोंडाशी उभे राहिले की खाली खाडीचे पाणी चमकताना दिसते. शिलालेखांत दाते कोण आहेत पाहा : माळी, वैद्य, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी, आणि एक भिक्खुणी. त्या भिक्खुणीचे दान आहे लेणे आणि 'पोढी', म्हणजे पाण्याचे टाके. ज्या मुलखात पुढे माणसाला पाण्याला शिवायची बंदी झाली, त्याच मुलखात एका स्त्रीने सगळ्यांसाठी पाण्याचे टाके खोदवून दगडावर आपले नाव कोरले होते. मित्र बराच वेळ त्या टाक्याजवळ बसून होता. मग म्हणाला, "आपण चवदार तळ्यावर नवं काही मागितलं नव्हतं रे. आपलंच परत मागितलं." आमच्या मते दोन तासांच्या भाषणापेक्षा हे वाक्य मोठे आहे.

इंदापूर, माणगाव, बाबासाहेबांच्या नावाच्या विद्यापीठाचे लोणेरे, आणि दिवस मावळताना दासगाव. महामार्गावरून जाणाऱ्याला इथे एकेकाळी बंदर होते हे कळतही नाही. रा. बा. मोरे यांचे लहानपण इथलेच. महाडच्या परिषदेसाठी गावोगाव फिरणारा, लोकांना उभे करणारा हा तरुण तेव्हा पंचविशीच्या आतला होता. दासगावात बोटीतून उतरलेली माणसे घोषणा देत महाडकडे गेली. परिषदेला कोणी हिंदू जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. २५ डिसेंबरच्या रात्री, सहस्रबुद्धे या जन्माने ब्राह्मण असलेल्या सहकाऱ्याच्या ठरावानुसार, मनुस्मृती जाळली गेली. खड्ड्यात चंदनाची लाकडे रचली होती. तळ्याचा निकाल हायकोर्टातून यायला मात्र १७ मार्च १९३७ उजाडला. दहा वर्षे! सहा महिन्यांत निराश होणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवावा.

या साऱ्याचा मथितार्थ काय? आमच्या मते तीन गोष्टी.

पहिली, फिरायला जा. समुद्र कोणाच्या बापाचा नाही. आपल्या आई-बापाने गावाच्या शिवेपलीकडचे जग कामासाठी पाहिले, आनंदासाठी नाही. त्यांनाही मागे बसवा, समुद्र दाखवा.

दुसरी, डोळे उघडे ठेवून फिरा. किल्ल्यावर सेल्फी घ्या, पण कुडाची पायरीही चढा आणि चरीच्या नाक्यावर चहा प्या. तिथल्या पोराला संपाची गोष्ट सांगा. ती जेवढी आपली आहे तेवढीच त्याची आहे.

तिसरी, जमिनीकडे बघा. या किनाऱ्यावर गुंठ्याला सोन्याचा भाव आला आहे आणि आपल्या वतनी जमिनींवर दलालांचा डोळा आहे. अशा जमिनी बिगरशेती वापरासाठी विकायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, हे वस्तीतल्या किती जणांना माहीत आहे? गावी गेलात की देवळाचा नाही, तलाठी कार्यालयाचा रस्ता धरा. सातबारा काढा, आजोबांचे नाव शोधा, फेरफार वाचा. कोऱ्या कागदावर अंगठा देऊन गेलेली जमीन स्टेटस टाकून परत येत नाही.

बाबासाहेबांना बस नाकारली जाण्याची धास्ती होती, म्हणून त्यांनी समुद्राची वाट धरली. आज रस्ता आपला आहे, गाडी आपली आहे, पेट्रोलही आपल्याच घामाचे आहे. येत्या २५ डिसेंबरला महाडला याल तेव्हा एक दिवस आधी निघा आणि किनाऱ्याने या.

जय भीम!