दोष हाताचा कीं भट्टीचा?

पाकसिद्धीचें अर्धें यश उष्णतेवर अवलंबून असतें, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. तव्यावर पाण्याचा शिंतोडा देऊन तो कसा तडतडतो हें पाहणें, किंवा कढईंत पिठाची गोळी सोडून ती किती वेळांत वर येते हें जोखणें, या उष्णता मोजण्याच्याच रीती होत. विजेच्या ओव्हनमध्यें हें काम हाताकडून काढून सेन्सर नांवाच्या एका बारीक सळईकडे सोंपविलेलें असतें. सळई चुकली तर ती कोणास दिसत नाहीं. बोल मात्र हातालाच लागतो.

जालन्यास सन १७२५ मध्यें बांधलेली मस्तगडची गढी आहे. त्याच भागांत आमचें एकत्र कुटुंब राहतें. गतवर्षीं धाकट्या सूनबाई घरांत आल्या. त्यांस केक-नानकटाईची हौस. परंतु रव्याचा केक मधें ओला राही, नानकटाई पांढरी व मऊ निघे. काकूंनीं एक-दोनदां ऐकविलें, "ओव्हन असो कीं चूल, हाताला अंदाज हवा." सूनबाई उलट बोलल्या नाहींत, पण त्यांनीं ओव्हनला हात लावणेंच सोडलें. घरांत नव्यानें आलेलें माणूस असें गप्प होणें ही आम्हांस लहान गोष्ट वाटली नाहीं. निवाडा मापानेंच करावयाचा असें ठरलें.

पहिली परीक्षा साखरेची. साखर सुमारें १८६ अंश सेल्सियसला वितळते. ओव्हन १७५ अंशांवर पुरता तापवून चमचाभर साखर पंधरा मिनिटें ठेवली तर ती कोरडी राहावी; १९० अंशांवर ठेवली तर वितळावी. पाकाच्या तारा पाहण्यांत काकूंची हयात गेलेली. त्या स्वतःच परीक्षेस बसल्या. १९० अंशांवरही साखर जशीच्या तशी! "मग पोरीचा काय दोष?" असें त्या सर्वांदेखत म्हणाल्या.

दुसरी परीक्षा निराळ्या थर्मामीटरची. तो मधल्या जाळीवर ठेवावा. ओव्हन आपोआप बंद-चालू होत असतो, म्हणून तीन-चार फेऱ्या झाल्यावर सर्वांत अधिक व सर्वांत कमी अंक टिपून त्यांची सरासरी घ्यावी. आमचा ओव्हन १८० अंशांवर लाविला असतां सरासरी १५० भरली.

तिसरी परीक्षा सळईची. तिच्या पोटांत प्लॅटिनम असतें. उष्णतेबरोबर या धातूचा विजेला होणारा रोध वाढतो. या गुणाचा उष्णतामापनास उपयोग सीमेन्स यांनीं १८७१ मध्यें सुचविला व कॅलेंडर यांनीं १८८७ च्या सुमारास तो भरंवशाचा करून दाखविला. आमच्या जातीच्या सळईचा रोध शून्य अंशास १००० ओम व १०० अंशांस १३८५ ओम असतो. २५ अंशांच्या खोलींत तो १०९७ भरतो; पण जालन्याच्या मे महिन्यांत, स्वयंपाकघर ४० अंशांवर असतां, ११५५ भरला तरी सळई निर्दोषच समजावी. सर्व ओव्हनांत हीच जात नसते, म्हणून सोबतची पुस्तिका पाहावी. लहान ओव्हनांत बहुधा द्रवानें भरलेली नळी असते. तिला ही परीक्षा लागू नाहीं.

एका दुरुस्तीवाल्यानें फोनवरूनच सबंध बोर्ड बदलावयास सांगितलें होतें. आम्ही ओळखीच्या वायरमनला बोलाविलें. ओव्हन थंड करून, भिंतींतील प्लग काढून त्यानें सळईच्या तारांवरच मल्टिमीटर लाविला: ११५५ ओम. बोर्डाकडील टोंकास लाविला: १२६५! सळई चोख होती. मधला सांधा जळून काळा पडला होता व जास्तीचे ११० ओम त्याचे होते. बोर्डास ते सुमारें ३० अंशांसारखे भासत. भट्टी तापली अशा समजुतीनें तें विजेचा पुरवठा आधींच तोडी. उष्णता सोसणारा नवा सांधा बसवितांच साखर १९० अंशांवर वितळली. पुढच्याच रविवारीं सूनबाईंनीं केलेल्या नानकटाईचा डबा संध्याकाळपर्यंत रिकामा झाला.

साखरेची व थर्मामीटरची परीक्षा कोणासही घरीं करतां येईल. सळई जाळीला किंवा भांड्याला टेकलेली नाहीं ना, दाराची रबरी पट्टी फाटलेली नाहीं ना, हेंही पाहून घ्यावें. मागील पत्रा उघडण्याचें काम मात्र जाणत्या माणसाकडेच द्यावें. विजेशीं धाडस नको. संसारांत माप घेण्यास लागणारा वेळ थोडा असतो. मापावांचून दिलेला बोल मात्र वर्षानुवर्षें मनांत राहतो. म्हणून पदार्थ बिघडला कीं करणाऱ्याच्या तोंडाकडे पाहण्यापूर्वीं एकदां वाटीभर साखर भट्टींत ठेवून पाहावी, असें आमचें सर्व कुटुंबांस सांगणें आहे.