आधी फाइल, मग यंत्र

दिवसभर स्क्रीनवर कोड. झोपण्याआधी अर्धा तास पुस्तक. बंगळुरात माझ्या वाट्याला येणारी मराठी तेवढीच. फोनवर ते टिकेना. दोन पानं झाली की एखादं नोटिफिकेशन बोट धरून बाहेर नेई. म्हणून स्वस्तातलं वाचनयंत्र शोधायला लागलो.

सगळे म्हणाले, सहा इंची ई-इंक घे. सल्ला चांगला आहे. त्या पडद्यावर काळे-पांढरे सूक्ष्म कण सरकून अक्षर उमटतं, त्यामुळे भर उन्हातही ते स्वच्छ दिसतं. पण माझ्याकडची बहुतेक मराठी पुस्तकं म्हणजे स्कॅन केलेल्या पीडीएफ. ए-४ पान २१ सेंटीमीटर रुंद, सहा इंची पडदा जेमतेम ९. अक्षर निम्म्याहून लहान होतं. ईपबमध्ये फॉन्ट वाढवता येतो, स्कॅनमध्ये नाही.

शेवटी जुना दहा इंची टॅब घेतला. आडवा धरला की ए-४ची ओळ जवळपास मूळ आकारात मावते. त्यात सिम नाही, चॅट नाही. ई-इंकइतका डोळ्यांना आराम नाही, हे खरं. पण ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी ओळखू येते. तुमच्याकडे ईपब जास्त असतील, तर मात्र ई-इंकच घ्या.